किती वॅटचा अॅम्प घ्यायचा, हे स्पीकर ठरवतो

घोडबंदर रोडला नवा फ्लॅट, हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही युनिट लागलेलं, आणि मग फोन येतो: "दोन स्पीकर आणि एक अॅम्प्लिफायर घ्यायचाय, किती वॅटचा घेऊ?" हाच प्रश्न नौपाड्यातून येतो, खारघरहूनही येतो. मी उलट तीन गोष्टी विचारतो. सोफ्यापासून स्पीकर किती फुटांवर आहेत? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती? आणि तुम्ही ऐकता किती मोठ्याने? ही तीन उत्तरं हातात आली की वॅट कागदावर पाच मिनिटांत निघतात, आणि बहुतेकदा दुकानदाराने सुचवलेल्या आकड्यापेक्षा कमी निघतात.

पहिल्यांदाच स्टीरिओ जमवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय

स्पीकरच्या माहितीपत्रकात "८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर" अशी एक ओळ असते. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की त्यात १ वॅट जातो. म्हणजे हा स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो. झाली सेन्सिटिव्हिटी.

आता पाढा. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. वॅट दहापट केले की १० डेसिबलने. आणि कानाला आवाज "दुप्पट झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे ५० वॅटचा अॅम्प विकून १०० वॅटचा आणलात तर पदरात पडले ३ डेसिबल. फरक कळेल, पण शेजाऱ्याने येऊन विचारावं इतका नाही.

हेच उलट बाजूने बघा. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तोच अॅम्प दुप्पट वॅटचा असल्यासारखा चालतो, एक पैसा जास्त न घालता. बीबीसीने आपल्या ओबी व्हॅनसारख्या (म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीसारख्या) अडचणीच्या जागांसाठी १९७० च्या दशकात बनवून घेतलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबलचा. खोलीच्या कोपऱ्यात कपाटासारखा बसणारा अमेरिकन क्लिप्शहॉर्न १०५ च्या आसपास. मधला फरक २२-२३ डेसिबलचा, म्हणजे एकाच आवाजासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या जवळपास दोनशेपट वॅट हवेत. दोन्ही स्पीकर आपापल्या जागी नावाजलेले आहेत, तेव्हा सेन्सिटिव्हिटीवरून दर्जा ठरवू नका. तिच्यावरून फक्त अॅम्प ठरतो.

पायरी १: टेप काढा

सोफ्यावर नेहमी बसता तिथून स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. आपल्याकडच्या हॉलमध्ये ते बहुतेकदा ७ ते १० फूट भरतं. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत ६ फूटही निघतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. त्या हिशेबाने १ मीटरच्या तुलनेत ६ फुटांवर साधारण ५ डेसिबल कमी, ८ फुटांवर ८, १० फुटांवर १० आणि १२ फुटांवर ११ डेसिबल कमी. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून कमी होते. पण हिशेब कडकच धरा, वरचं राहील ते राखीव.

दोन स्पीकर वाजतात म्हणून ३ डेसिबल जमा करा.

पायरी २: स्पीकरचा आकडा खरा करून घ्या

छापलेला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पहिलं कारण, ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की त्यात १ नाही, २ वॅट जातात. म्हणजे "८९ डेसिबल, ४ ओहम" लिहिलेला स्पीकर १ वॅटला ८६ चाच आहे. दुसरं, काही कंपन्या आकडा खोलीत ठेवून मोजलेला देतात, त्यात भिंतींची मदत धरलेली असते. तिसरं, काही कंपन्या निव्वळ आशावादी असतात. मोजमापासह परीक्षण सापडलं तर तो आकडा घ्या. नाही सापडलं तर मी सरळ २ डेसिबल वजा करतो. केईएफचा एलएस५० स्वतःला प्रामाणिकपणे ८५ डेसिबल म्हणवतो. दिसायला त्याच्याएवढाच स्पीकर ९५-९६ चा दावा करत असेल, तर एकदा थांबून विचार करा.

पायरी ३: तुमचा आवाज मोजा

फोनवर साउंड मीटरचं अॅप टाका. दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे होतील, चालतंय. सध्या जे काही वाजतं त्यावर, सोफ्यावर बसून, तुमच्या "मस्त वाटतंय" पातळीला सरासरी किती दाखवतं ते लिहून ठेवा. समोरासमोर बोलणं ६० च्या आसपास असतं. आरामात ऐकणं ७० ते ७५. ८० म्हणजे घरातली बाकीची माणसं दार लावून घेतात. अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. तेव्हा त्याच्या वर रोज ऐकायचा बेत असेल तर अॅम्पआधी कानांची चिंता करा.

इथे एक स्थानिक भानगड आहे, पंखा. पंखा पाचवर, बाल्कनीचं दार उघडं आणि खाली घोडबंदरची वाहतूक, अशा हॉलमध्ये काहीच न वाजवता मीटर ५० च्या आसपास रेंगाळतो. तंबोऱ्याचा सूर, गायकाचा श्वास असलं सगळं त्याखाली बुडतं आणि आपण व्हॉल्यूम चढवतो. मे महिन्यात पंखा बंद करून ऐकणारा रसिक मला अजून भेटायचाय, तेव्हा मोजमापही पंखा लावूनच करा. पण स्लाइडिंगची काच मात्र लावा. तेवढ्याने मिळणारे डेसिबल वॅटने विकत घ्यायचे तर महाग पडतात.

पायरी ४: ठोक्यांसाठी जागा ठेवा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. सरासरी ८० डेसिबलला किती वॅट लागतात म्हणाल, तर एकही लागत नाही. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर, ८ फुटांवर: ८६ वजा ८ अधिक ३, म्हणजे ८१. प्रत्येकी १ वॅटवर तुम्ही ८० च्या वर गेलात. मग ५० वॅट कशाला?

तबल्यासाठी. गडकरी रंगायतनला पुढच्या रांगेत बसून तबला ऐकला असेल तर आठवा, चाटेवरची थाप हवा फाडून येते आणि क्षणात संपते. चांगल्या ध्वनिमुद्रणात ती थाप सरासरीच्या १५ ते १८ डेसिबल वर असते. ढोलकी, मृदंग, पियानो यांचंही तेच. सिनेमाची आजकालची गाणी दाबूनच भरलेली असतात, त्यांचे ठोके ८-१० डेसिबलच्या वर फारसे जात नाहीत. म्हणजे तुम्ही काय ऐकता यावरही वॅट ठरतात.

आता हिशेब पुरा करू. सरासरी ८०, त्यावर ठोका १५, म्हणून शिखर ९५. १ वॅटला मिळतात ८१. कमी पडतात १४ डेसिबल. पहिल्या १० साठी वॅट दहापट, उरलेल्या ४ साठी अडीचपट. दहा गुणिले अडीच, २५ वॅट. ठोका १८ डेसिबलचा धरला तर ५० वॅट.

हा २५ ते ५० चा पट्टा ८६ डेसिबलच्या स्पीकरचा. स्पीकर ८९ चा असेल तर १२ ते २५ पुरतात. ८३ चा असेल तर ५० ते १०० हवेत. तुमची सरासरी ८० ऐवजी ७४ च असेल तर सगळे आकडे चौथ्या हिश्शावर आणा. १५० वॅट लागावेत असा हॉल ठाण्यात मी अजून पाहिलेला नाही, आणि तसा ज्यांच्याकडे असेल ते हा लेख वाचत बसणार नाहीत.

पायरी ५: ओहम बघा

वॅट पुरेसे आहेत एवढ्यावर खूश होऊ नका. अॅम्पच्या पाठीमागे, स्पीकरच्या टर्मिनलजवळ "६ ते १६ ओहम" असं काहीतरी छापलेलं असतं, ते वाचा. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तो त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो. अॅम्प त्यासाठी बनवलेला नसेल तर तापतो, संरक्षण सर्किट त्याला मध्येच बंद करतं, आणि वापरणारा म्हणतो "वॅट कमी पडतायत". कमी पडतोय तो करंट.

सेकंडहँड स्पीकरवर लेबल उडालेलं असेल तर मल्टीमीटर लावा. तारा काढून, ओहमच्या रेंजला, टर्मिनलवर. ३ ते ३.५ दाखवलं तर स्पीकर ४ ओहमचा. ५.५ ते ७ दाखवलं तर बहुधा ८ चा. मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच येतो, घाबरू नका.

पायरी ६: वॅट खरे आहेत का

ज्यांनी नव्वदीच्या दशकात "१००० वॅट पीएमपीओ" लिहिलेला टू-इन-वन घरी आणलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा. त्याला काही अर्थ नव्हता, आजही नाही. वाचायची ओळ अशी असते: ८ ओहमला, दोन्ही चॅनेल (डावी आणि उजवी बाजू) एकाच वेळी चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, इतक्या टक्के विकृतीला (डिस्टॉर्शनला), इतके वॅट. यातली एकेक अट गळाली की आकडा फुगतो. होम थिएटर रिसीव्हरवर बऱ्याचदा "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १० टक्के विकृती" अशा अटीवर मोठा आकडा छापलेला असतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेलाच.

सध्या ऑनलाइन मिळणारे तळहाताएवढे क्लास-डी अॅम्प हा खरा मजेशीर प्रकार. मला ते आवडतात. पैशाच्या मानाने काम फक्कड करतात. पण खोक्यावरचे "३०० वॅट" बाजूला ठेवा आणि सोबत आलेला अॅडॉप्टर उलटा करून बघा. समजा त्यावर २४ व्होल्ट, ५ अँपिअर आहे. गुणाकार १२०. बाहेर जाणारे एकूण सलग वॅट याच्या आतच राहणार, तेही दोन्ही चॅनेल मिळून, वाया जाणारे वजा करून. आणि ८ ओहमच्या स्पीकरला किती? व्होल्टचा वर्ग करा, ओहमच्या दुपटीने भागा. २४ चा वर्ग ५७६, भागिले १६, ३६ वॅट. ही वरची हद्द झाली. त्याच अॅम्पला ३२ व्होल्टचा अॅडॉप्टर चालत असेल तर हद्द ६४ वर जाते. मात्र अॅम्प किती व्होल्ट सहन करतो ते आधी माहितीपत्रकात बघा, नाहीतर धूर निघेल. आणि ३६ वॅटला नाक मुरडू नका. वरचा हिशेब आठवा, ८६-८८ च्या स्पीकरला ते छान पुरतात.

पायरी ७: आहे त्या अॅम्पवर परीक्षा घ्या

घरात आधीच काही अॅम्प असेल तर नवा घेण्याआधी हे जरूर करा. साधा मल्टीमीटर पुरतो.

नेहमीचं, भरपूर ठोक्यांचं गाणं लावा आणि याहून मोठं मी कधीच ऐकणार नाही अशा जागी व्हॉल्यूम आणून ठेवा. आता गाणं थांबवा. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. अॅम्प बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारा सोडवा आणि अॅम्प पुन्हा चालू करा. त्याच फोनवरून किंवा प्लेअरवरून १०० हर्ट्झचा, कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली बनवलेला टेस्ट टोन वाजवा. असे टोन नेटवर फुकट मिळतात. फोनमधला इक्वलायझर आणि आवाज समान करणारी सोय बंद असू द्या. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये लावा.

आलेल्या आकड्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे चौपट व्होल्टेज. गुणाकाराचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागा. मीटरने ३.५ व्होल्ट दाखवले तर चौपट १४, वर्ग १९६, भागिले ८, साडेचोवीस वॅट. तुमच्या सगळ्यात मोठ्या ऐकण्यातल्या सगळ्यात मोठ्या ठोक्याला यापेक्षा जास्त लागत नाहीत.

दोन सावधगिरीच्या सूचना. व्हॉल्व्हचा म्हणजे ट्यूबचा अॅम्प असेल तर ही परीक्षा अजिबात करू नका. स्पीकर न जोडता तो चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि मीटरच्या दोन्ही टोकांचा एकमेकांना किंवा अॅम्पच्या पत्र्याला स्पर्श होऊ देऊ नका.

वर्तकनगरला आमच्या ओळखीचे एक काका आहेत. जुना २५ वॅटचा अॅम्प, ८९ डेसिबलचे स्पीकर, आणि २०० वॅटच्या अॅम्पसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे. त्यांच्या घरी मीटर लावला तर १.१ व्होल्ट. चौपट ४.४, वर्ग करून ८ ने भागलं, २.४ वॅट. काकांनी मीटरची बॅटरी बदलायला लावली. पुन्हा तेवढेच. काकूंनी त्या दिवशी चहाबरोबर भजीही केली.

बेसचं बटण वॅट खातं

हिशेब बरोबर करूनही अॅम्प दमतोय असं वाटलं तर बेसच्या बटणाकडे बघा. बऱ्याच अॅम्पवर ते पूर्ण फिरवलं की खालचे सूर १० डेसिबलपर्यंत वाढतात. म्हणजे त्या सुरांसाठी वॅट दहापट. तुमचा २५ वॅटचा निवांत हिशेब तिथेच कोलमडला. लाउडनेसचं बटणही हेच करतं. छोट्या बुकशेल्फ स्पीकरमधून खालचा बेस ओरबाडून काढण्यापेक्षा स्वतःचा अॅम्प असलेला सबवूफर जोडा आणि खालचे सूर मुख्य स्पीकरकडे जाऊच देऊ नका. मग छोटा अॅम्पही मोकळा श्वास घेतो.

व्हॉल्यूमचं बटण बाराच्या जागी आलं म्हणजे निम्मी ताकद वापरली, हाही गैरसमजच. हल्लीचा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अॅम्पसाठी सिग्नल करणारा डबा, २ व्होल्ट देतो. तेवढ्यावर बरेच अॅम्प बटण मध्यावर असतानाच पूर्ण वॅटला पोचतात. पुढे फिरवलं की फक्त फाटतं.

छोटा अॅम्प स्पीकर जाळतो का?

अर्धं खरं. अॅम्प त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण कापलेल्या लहरीत त्याच अॅम्पच्या स्वच्छ सुराच्या दुप्पट ताकद असते, म्हणजे २० वॅटचा अॅम्प ४० पर्यंत फेकू शकतो. शिवाय वरच्या सुरांचा वाटा वाढतो आणि तो सगळा ट्वीटरवर, म्हणजे स्पीकरमधल्या वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भागावर, जाऊन पडतो. ट्वीटरला सलग थोडेच वॅट झेपतात. पण २०० वॅटचा अॅम्प बेताल चालवला तर तोही ट्वीटर जाळेल, आणि लवकर जाळेल. स्पीकरवर लिहिलेलं "कमाल १०० वॅट" म्हणजे अॅम्प १०० चाच हवा असा अर्थ नाही. हिशेबाने निघालेल्या आकड्याच्या दुप्पट अॅम्प घ्या, आणि आवाज खरखरू लागला की हात मागे घ्या. लग्नाच्या हळदीला पोरं अॅम्पजवळ जाणार नाहीत एवढी व्यवस्था केलीत तर उत्तमच.

फार जास्त सेन्सिटिव्हिटीचीही एक किंमत असते. ९५ च्या वरचे स्पीकर अॅम्पची स्वतःची सूं-सूं पण तितक्याच इमानाने ऐकवतात. रात्री, गाणं थांबलेलं असताना ती सोफ्यापर्यंत येते. असे स्पीकर घेणार असाल तर अॅम्प वॅटवर नको, शांततेवर निवडा.

सोसायटी आणि रात्रीचे दहा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खाजगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. बंद दारातून गाणं फारसं बाहेर जात नाही, बेस जातो, आणि तोही स्लॅबमधून खालच्या मजल्यावर. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम ठेवा, दहानंतर तो बंद करा. समोरच्या टाइल्सवर सतरंजी टाकली तर आवाजाचं घुमणं कमी होतं आणि शब्द स्वच्छ येतात, त्यामुळे व्हॉल्यूमही कमी लागतो.

खरेदीला जाताना

आधी स्पीकर ठरवा, मग अॅम्प. पैसे वाटायचे तर मोठा वाटा स्पीकरला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर एका चिठ्ठीवर चार आकडे लिहून न्या: अंतर, तुमची सरासरी, स्पीकरचे डेसिबल आणि ओहम. दुकानदार "यह तो दो सौ वॉट का है साहब" म्हणेल. त्याला विचारा, ८ ओहमला किती, आणि दोन्ही चॅनेल चालवून किती. चांगला दुकानदार लगेच माहितीपत्रक काढतो.

तारेवर उधळपट्टी नको. १५ फुटांपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला इलेक्ट्रिकलच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते, ४ ओहमला अडीचची घ्या. जोडताना लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला, दोन्ही बाजूंना सारखं. एका स्पीकरची तार उलटी लागली तर बेस गायब होतो, गायक मधोमध उभा राहायचा सोडून खोलीभर पसरतो, आणि लोक त्याचं खापर वॅटवर फोडून मोठा अॅम्प शोधायला लागतात.